दोन याद्या, एक ओंडका

मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघाले ते बल्लारपुरातून. इथल्या लाकूड आगारात प्रत्येक ओंडक्याची नोंद होते: लांबी, मधला घेर, प्रत. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी, हे त्याचे घनमाप. तीन मीटर लांब, 1.20 मीटर घेर म्हणजे 0.27 घनमीटर.

समजा, बल्लारपूर आणि आलापल्ली या दोन आगारांच्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या तक्त्यांत आहेत. लांबी, घेर आणि प्रत मिळून ‘माप’ नावाचा संयुक्त प्रकार बनवता येतो; मग तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात राहतात. दोन्ही तक्त्यांवरच्या क्वेरींचे निकाल ‘युनियन’ने जोडताना रकान्यांची संख्या सारखी आणि प्रकार जुळणारे हवेत. आतला एखादा घटक वाचायचा तर रकान्याचे नाव कंसात लिहून पुढे टिंब द्यावे लागते. कंस विसरला की पोस्टग्रेस त्या नावाला तक्ता समजते आणि क्वेरी अडते.

खरा धोका मात्र वेगळा आहे, कारण तिथे क्वेरी अडतच नाही. ‘युनियन’ पुनरावृत्त ओळी गाळते आणि संयुक्त मूल्ये घटकाघटकाने ताडून पाहते. नुसती मापे जोडली, तर त्याच मापाचे आणि प्रतीचे दोन ओंडके यादीत एकच उरतात. 0.27 घनमीटर सागवान कागदावरून नाहीसे होते, तेही कोणतीही सूचना न देता. लाकडाच्या हिशेबात हे चालणारच नाही. म्हणून आगाराचे नाव आणि ओंडक्याचा क्रमांक निकालात ठेवा, आणि जोडणीसाठी ‘युनियन ऑल’च वापरा.