कस्तुरी खरंच हरणाच्या बेंबीत असते का? तुमच्या डिओतला ‘मस्क’ येतो कुठून?

डिओ, अत्तर, साबण, अगदी कपडे धुण्याच्या लिक्विडवरही हल्ली ‘मस्क’ लिहिलेलं दिसतं. मस्क म्हणजे कस्तुरी. मग यासाठी कस्तुरीमृग मारले जातात का? तुमच्या डिओसाठी नाही. खऱ्या कस्तुरीसाठी मात्र आजही मारले जातात.

आधी बेंबीचं बघू. कस्तुरी बेंबीत नसते. बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधे, कातडीखाली पिशवीसारखी एक गंधग्रंथी असते. तीही फक्त नराला. हिमालयातल्या चढउताराच्या दाट जंगलात हा प्राणी एकेकटा राहतो. त्याला शिंगं नसतात, नराचे लांब सुळे मात्र तोंडाबाहेर आलेले दिसतात. एकमेकांना पाहणं अवघड, म्हणून सगळा संवाद वासावर. शेपटीजवळच्या दुसऱ्या ग्रंथीचा स्राव नर काटक्यांना घासून हद्द आखतो, तर कस्तुरी हिवाळ्यात माद्यांना बोलावण्यासाठी. स्वतःच्याच वासामागे रानभर धावणारा मृग कीर्तनात ऐकायला छान वाटतो, इतकंच.

एका पूर्ण वाढलेल्या नराकडून साधारण 25 ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे किलोभर कस्तुरीला 40 नर. खरं तर न मारताही ग्रंथीतून ती काढता येते, चीनमधल्या फार्मवर तसं करतात. पण जंगलात शिकारी तारेचे फास लावतात आणि फासाला नर-मादी कळत नाही. माद्या आणि पिल्लं कस्तुरी नसतानाही मरतात.

आता प्रयोगशाळेकडे. कस्तुरीच्या वासातला मुख्य घटक ‘मस्कोन’ 1906 मध्ये वेगळा केला गेला. 1926 मध्ये लिओपोल्ड रुझिका यांनी त्याची रचना उलगडली: 15 कार्बन अणूंचं कडं. एवढं मोठं कडं टिकूच शकत नाही, असं तोवर रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते! रुझिका यांना 1939 चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. आज बाजारातला बहुतेक सगळा मस्क कारखान्यात बनतो.

तरीही पारंपरिक चिनी औषधांसाठी खऱ्या कस्तुरीची मागणी आहेच. भारतात कस्तुरीमृग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे कोणी ‘अस्सल कस्तुरी’ विकत असेल, तर एकतर ती नकली असते, नाहीतर तो व्यवहार गुन्हा असतो. घरातली कस्तुरी हळद मात्र बिनधास्त वापरा. तिचा या प्राण्याशी संबंध फक्त नावापुरता.