जपानी रताळेभात घरी कसा कराल? कुकर का नको?

ढाणकी : महाशिवरात्रीला आणलेली रताळी उरली असतील, तर त्यांचा भात करून बघा. जपानमध्ये याला 'सात्सुमाइमो गोहान' म्हणतात. सात्सुमा म्हणजे आजचा कागोशिमा भाग. १७३२ च्या दुष्काळानंतर आओकी कोन्यो यांनी रताळ्याची लागवड एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत आणली. तांदूळ पुरवून खाण्यासाठी लोक त्यात रताळं घालत.

जपानी तांदळात अमायलोज कमी, म्हणून भात चिकट होतो. तो उमरखेडपर्यंत शोधत फिरू नका, आंबेमोहर चालतो. बासमती नको.

दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाव किलो रताळ्याच्या सालीसकट फोडी दहा मिनिटं पाण्यात ठेवा, काळ्या पडत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात निथळलेला तांदूळ, अडीच वाट्या पाणी, छोटा चमचा मीठ आणि वर फोडी. ढवळायचं नाही! मंद आचेवर उकळी आणा, मग झाकून १५ मिनिटं. गॅस बंद करून आणखी १०.

मंद आच कशासाठी? रताळ्यातलं एन्झाइम साधारण ६० ते ७५ अंशांत स्टार्चची माल्टोज साखर करतं. कुकर हा टप्पा झपाट्याने ओलांडतो, गोडी कमी राहते.

वरून भाजलेले तीळ आणि मीठ भुरभुरा. उपवासाला मात्र चालणार नाही, तांदूळ आहे.