निर्बीज नर टोळधाड रोखतील?

नर कीटकांना किरणोत्साराने निर्बीज करून मोकळं सोडायचं. त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या या पद्धतीने १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून स्क्रूवर्म माशी हटवली. हिच्या अळ्या जित्या जनावराच्या जखमेतलं मांस खातात. १९८८ मध्ये ती लिबियात आढळली, तेव्हा मेक्सिकोतून विमानाने निर्बीज माश्या नेऊन तिचा बीमोड केला. थक्क करणारं यश!

टोळांवर मात्र ही मात्रा चालणं अवघड. स्क्रूवर्मची मादी सहसा एकदाच समागम करते, वाळवंटी टोळाची अनेकदा. नराविना घातलेली तिची काही अंडीही उबतात. शिवाय थव्याच्या एका चौरस किलोमीटरमध्ये ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. त्यांना पुरून उरतील इतके नर वाढवायचे कुठे? आणि निर्बीज झाला तरी टोळ रोज स्वतःच्या वजनाइतका, सुमारे २ ग्रॅम, हिरवा पाला फस्त करणारच. मे २०२० मध्ये टोळ विदर्भात उतरले होते; तिथल्या संत्राबागांना असा पाहुणा परवडणारा नाही. रासायनिक फवारणीला पर्याय म्हणून टोळांना रोग जडवणारी मेटारायझियम बुरशी अधिक आश्वासक आहे. सोमालियाने २०२० मध्ये ती वापरली.