पंप थांबल्यावर नदीचं काय होतं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरपासून ग्रीलीकडे साऊथ प्लॅट नदीच्या काठाने निघालं की एकामागून एक तळी लागतात. त्यातली बरीचशी निसर्गाने केलेली नाहीत. शहरांच्या काँक्रीटसाठी वाळू-गोटे काढून उरलेले ते खड्डे आहेत. गोट्यांचा थर नदीनेच आणून टाकलेला, त्यामुळे थोडं खोदलं की पाणी लागतं. कोरड्यात यंत्रं चालवायची तर पंप लावून उपसा करत राहावं लागतं. या उपशाबद्दल आणि त्याच्या भरपाईबद्दल गैरसमज भरपूर आहेत.

पहिला समज असा की, आपल्या जमिनीत लागलेलं पाणी आपलं. कोलोरॅडोत तसं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1882 साली कॉफिन खटल्यात स्पष्ट केलं की, नदीकाठी जमीन आहे म्हणून पाण्यावर हक्क येत नाही. ज्याने आधी पाणी वापरात आणलं त्याचा हक्क आधी. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात सुविधाधिकार कायदा आला आणि त्याने जमिनीखालचं, ठरावीक ओघ नसलेलं पाणी मालकाला घेऊ दिलं. ‘माझी विहीर, माझं पाणी’ ही आपल्याकडची भावना त्याच वळणाची आहे. कोलोरॅडोने मात्र 1969 च्या कायद्याने नदीशी जोडलेलं भूजलही ज्येष्ठतेच्या त्याच रांगेत बसवलं. पुढे 1988 मध्ये पूडर नदीच्या खोऱ्यातला झिगन खटला गाजला. खाण खोदताना भूजल उघडं पडलं आणि वाऱ्या-उन्हाने उडू लागलं, तर तो खड्डा कायद्याने विहीरच ठरतो, असा निकाल लागला. म्हणजे परवाना हवा आणि नदीच्या तुटीची भरपाईही हवी.

दुसरा समज पंपांविषयी. जाड पाइपातून धो धो पडणारं पाणी पाहिलं की, ‘नदी उपसून चालली’ असंच वाटतं. खरं तर उपसलेलं पाणी गाळ बसवून बहुतेक वेळा पुन्हा नदीतच सोडतात. सुरुवातीला तर थरात साठलेलं पाणीही बाहेर येतं आणि नदीत काही काळ नेहमीपेक्षा जास्तच पाणी असतं.

मग तूट येते कुठे? उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनात, रस्त्यावरची धूळ बसवायला मारलेल्या फवाऱ्यात आणि ओल्या मालात. पाण्याखालून काढून धुतलेला माल ट्रकमधून ठिबकत बाहेर पडतो, ते पाणी परत येत नाही. कोलोरॅडोच्या हिशेबात अशा मालाच्या वजनाच्या 4 टक्के पाणी गेलं असं धरतात. 1 लाख टन मालाबरोबर 4,000 टन, म्हणजे 40 लाख लिटर पाणी फाटकाबाहेर जातं. तरीही हे आकडे बाष्पीभवनापुढे किरकोळ. तळं 10 एकरांचं आणि निव्वळ बाष्पीभवन वर्षाला 3 फूट धरलं, तर 30 एकर-फूट म्हणजे सुमारे 3 कोटी 70 लाख लिटर पाणी उडतं. हे दरवर्षी.

आणि सगळ्यात मोठा घोट नदी देते तो पंप बंद पडल्यावर! कोरडा ठेवलेला खड्डा आणि आजूबाजूचा रिकामा झालेला थर नदीच्या वाट्याच्या पाण्याने पुन्हा भरू लागतो. आवाज थांबला म्हणून शेजारी सुटकेचा श्वास घेतात, नेमकी तेव्हा तूट वाढते.

भरपाई म्हणजे खड्ड्यात तेवढे लिटर ओतायचे, हाही असाच भाबडा समज. भरपाई करायची ती नदीची, आणि तीही ज्याचं पाणी तुटतं त्या ज्येष्ठ हक्कदाराच्या वरच्या बाजूला, त्याला गरज असेल तेव्हा. त्याची मागणी पूर्ण होत असेल, तर त्या काळातली तूट भरून द्यावी लागत नाही. गोम अशी की, खड्ड्यातलं नुकसान नदीपर्यंत पोचायला महिने, कधी वर्षं लागतात. अंतर आणि थराचे गुणधर्म घालून ही दिरंगाई मोजायला ग्लोव्हर या अभियंत्याच्या नावाने ओळखलं जाणारं गणित वापरतात. आजच्या उपशाची तूट कदाचित खाण बंद झाल्यावरही भरत बसावी लागते.

हे पाणी आणायचं कुठून? धरणातून भाड्याने, नाहीतर जुन्या पाट-कंपनीचे शेअर विकत घेऊन. इथेही फसगत होते. पाटाने शेतात 100 भाग पाणी येत होतं म्हणून 100 भाग भरपाईत धरता येत नाही. पिकाने खरोखर प्यायलेलं तेवढंच मोजतात, कारण उरलेलं झिरपून नदीत जात होतं आणि खालचे शेतकरी त्याच्यावर पोसले जात होते. शिवाय ती शेती खरोखर कोरडी ठेवावी लागते. खाणीची भरपाई शेवटी कुणाच्या तरी मक्याच्या शेतातून येते, हे वास्तव खाणवाल्यांच्या रंगीत पत्रकांत फारसं ठळकपणे येत नाही.

‘खाण संपली, जबाबदारी संपली’ हे तर साफ चूक. भूजलाला जोडलेलं तळं उघडं आहे तोवर पाणी उडत राहतं, त्यामुळे भरपाईची योजनाही कायमची लागते. त्या जागेवरचं जुनं गवत-झुडूप जेवढं पाणी पीत होतं, तेवढी वजावट मात्र मिळते. दुसरे मार्ग दोनच: खड्डा भूजलाच्या पातळीच्या वरपर्यंत भरून टाकणं किंवा भोवती बेंटोनाइट चिकणमातीची भिंत उतरवून तो भूजलापासून तोडणं. भिंत घातलेले असे खड्डे डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने साठवण तलाव म्हणून वापरात आणले आहेत. पण भिंतही जादूची कांडी नव्हे. जमिनीतला प्रवाह तिच्यावर अडतो, वरच्या बाजूला पाणी चढतं आणि शेजाऱ्याच्या तळघरात ओल येऊ शकते. खालच्या बाजूच्या विहिरी उतरू शकतात.

एक सवलत मात्र कायद्यातच आहे. झिगन निकालानंतर 1989 मध्ये विधिमंडळाने ठरवलं की, वाळू-गोट्यांच्या खाणीमुळे 1 जानेवारी 1981 पूर्वी उघड्या पडलेल्या पाण्याचं बाष्पीभवन भरून द्यायची गरज नाही. म्हणून साऊथ प्लॅटच्या काठावर दिसणाऱ्या प्रत्येक तळ्यामागे भरपाई होतेच असं समजू नये. जुन्या तळ्यांची तूट आजही नदीच्याच खात्यावर पडते.