अर्थ वेदना, तरीही नाव लाडकं!

बारशाच्या आधी आपल्याकडे नावांची पुस्तकं चाळली जातात. नाव गोड हवं, वेगळं हवं आणि अर्थ शुभ हवा! मग ज्याचा अर्थच ‘वेदना’ आहे, असं नाव कोणी मुलाला ठेवील का? चेन्नईतल्या तमिळ ख्रिस्ती घरांत असं एक नाव अधूनमधून कानी पडतं. ते नाव आहे जेबेझ.

चेन्नईला बायबलमधली नावं नवी नाहीत. सांथोम हा भाग तर संत थॉमसच्याच नावानं ओळखला जातो. थॉमस म्हणजे जुळा. डेव्हिड, सॅम्युएल, डॅनियल ही नावंही तिथं सर्रास आढळतात. जेबेझ मात्र विरळाच. मराठी आणि तमिळ बायबलमध्ये तो ‘याबेस’ होतो. जेबेझ हे त्याचं इंग्रजी वळणाचं रूप.

बायबलच्या जुन्या करारात ‘पहिला इतिहास’ नावाचं पुस्तक आहे. त्याची पहिली नऊ प्रकरणं म्हणजे वंशावळींची लांबलचक यादी. चौथ्या प्रकरणात ही यादी अचानक थांबते आणि दोनच ओव्यांत याबेसची गोष्ट येते. बाळंतपणात फार वेदना झाल्या म्हणून आईनं त्याचं नाव याबेस ठेवलं. हिब्रूत वेदनेसाठी जो शब्द आहे, त्यातली दोन अक्षरं उलटसुलट केली की हे नाव तयार होतं. मोठेपणी त्यानं देवाची करुणा भाकली. आशीर्वाद दे, माझा मुलूख वाढव, पाठीशी राहा आणि संकट टाळून मला दुःखापासून वाचव, हे त्याचं मागणं. देवानं ते मान्य केलं. एवढीच गोष्ट!

या गोष्टीवर ब्रूस विल्किन्सन या अमेरिकन लेखकाचं छोटेखानी पुस्तक 2000 साली आलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि विस्मरणात गेलेला जेबेझ जगभर पोहोचला. प्रार्थना म्हणजे भरभराटीचा मंत्र नव्हे, अशी टीकाही त्यावर झाली.

तमिळ कानांना हे नाव आणखी एका कारणानं जवळचं वाटतं. तमिळ ख्रिस्ती प्रार्थनेला ‘जेबम्’ म्हणतात. जेबराज, जेबमणी, जेबकुमार ही नावं त्यातूनच आली. या शब्दाचं मूळ आपल्या ओळखीचं आहे : संस्कृत ‘जप’! हिब्रू जेबेझशी त्याचं नातं नाही, पण योगायोग मोठा गोड आहे.

अशुभ अर्थाची नावं आपल्यालाही परकी नाहीत. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवत. तमिळनाडूत त्याच भावनेनं पिच्चै म्हणजे भिक्षा किंवा कुप्पुस्वामी अशी नावं ठेवली गेली. ‘कुप्पै’ म्हणजे केरकचरा. या नावांमागे माया होती. सगळ्याच नावांमागे ती नसते. सातारा जिल्ह्यात नको असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकुसा’ म्हटलं जाई. 2011 मध्ये अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली.

तमिळ माणसाला बहुधा आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे स्वतःचं नाव, हीच त्याची ओळख. म्हणून तिथं नावाची निवड अधिकच मोलाची. जेबेझ ठेवणारे आईवडील मुलाला वेदना देत नाहीत. वेदनेवर मात करणाऱ्याची गोष्ट देतात. नकुसाच्या वाट्याला अशी गोष्टच नव्हती. तेव्हा बाळाचं नाव शोधताना अर्थ जरूर पाहा, पण उद्या त्यानं विचारलं, ‘आई, माझं नाव हे का ठेवलंस?’ तर सांगायला प्रेमाची एक गोष्टही तयार ठेवा!