ख्रिस्ती विवाह, विभक्तता आणि मुलांचा ताबा



पती-पत्नीचे पटेनासे झाले, प्रकरण हातघाईवर आले, की आपल्या ग्रामीण धर्मग्रामांत तीन प्रकारचे कागद पाहावयास मिळतात. पहिला, पंचांसमोर मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी. दुसरा, धर्मप्रांतीय न्यायमंडळाचा निर्णय. तिसरा, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा. हे तिन्ही कागद एकाच तोलाचे आहेत आणि त्यांपैकी कोणताही एक हाती आला म्हणजे सारे मिटले, अशी समजूत अनेक घरांतून आढळते. या गैरसमजाची किंमत शेवटी लेकरांना मोजावी लागते. म्हणून प्रत्येक कागदाने काय साधते, काय साधत नाही आणि मुलांच्या बाबतीत कायदा कोणती कसोटी लावतो, हे येथे क्रमाने पाहू.

गावाची बैठक काय करू शकते?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाची घडी विस्कटली. पाणी नाही, म्हणून शेती नाही. शेती नाही, म्हणून माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याकडे निघाली. मागे दारू आणि भांडणे उरली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने एकेक निर्णय घेण्यास आरंभ केला. दारूचे गुत्ते बंद झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही गावाची शिस्त बनली. पुढे पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत आली आणि विवाहापूर्वी वधूवरांची एचआयव्ही तपासणी करण्याचा नियमही गावाने स्वीकारला.

हे सारे पाणलोटाच्या कामाएवढेच कौटुंबिक जीवनाशी निगडित आहे. व्यसन, कर्ज, कामासाठी होणारी ताटातूट आणि लपवून ठेवलेला आजार ही संसार मोडण्याची नेहमीची कारणे होत. त्यांतील अनेकांवर या गावाने वेळीच उपाय योजला. ख्रिस्तसभाही विवाहापूर्वी वधूवरांची चौकशी करते आणि विवाहाची जाहीर घोषणा करते, ती याच हेतूने. ही चौकशी केवळ रजिस्टर भरण्यापुरती उरली, तर तिचा उपयोग राहत नाही.

परंतु येथे एक मर्यादा स्पष्ट करावयास हवी. आदर्श गावाची ग्रामसभा असली, तरी तिला घटस्फोट देण्याचा अथवा मुलाचा ताबा ठरविण्याचा अधिकार नाही. गावातील ज्येष्ठांनी समेट घडवून आणावा. ते पुण्यकर्मच आहे. मात्र पंचांनी लिहून दिलेल्या सोडचिठ्ठीने ख्रिस्ती विवाह संपुष्टात येत नाही. हिंदू विवाह कायद्यात सिद्ध झालेल्या रूढीनुसार झालेल्या घटस्फोटाला काही जागा ठेवलेली आहे. ख्रिस्ती विवाहास लागू असलेल्या कायद्यात तशी सवलत नाही. अशा कागदाच्या भरवशावर कोणी दुसरा विवाह केला, तर तो विवाह अवैध ठरू शकतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कारावासही होऊ शकतो. 'मूल बापाकडे राहील, आईने पुन्हा तोंड दाखवू नये' अशी अट कागदावर कितीही साक्षीदारांनी अंगठे उठवून लिहिली असली, तरी ती न्यायालयावर बंधनकारक नसते.

न्यायमंडळ आणि न्यायालय

ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार वैध आणि पूर्णत्वास गेलेला संस्काररूपी विवाह कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. धर्मप्रांतीय न्यायमंडळ 'घटस्फोट' देत नाही. विवाहाच्या वेळी खरी संमती, आवश्यक पात्रता अथवा विहित विधी यांत काही मूलभूत उणीव होती काय, एवढेच ते तपासते. उणीव सिद्ध झाल्यास तो विवाह मुळातच वैध नव्हता, असे जाहीर करण्यात येते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली या प्रक्रियेत सुधारणा केली. पूर्वी असा निर्णय दुसऱ्या न्यायमंडळाने उचलून धरणे आवश्यक असे. ती अट काढून टाकण्यात आली आणि स्पष्ट पुराव्याच्या प्रकरणांसाठी महागुरुस्वामींपुढील संक्षिप्त प्रक्रिया आली.

हा निर्णय मिळाला म्हणजे देशाच्या कायद्यानेही आपण मोकळे झालो, असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले, की चर्चच्या न्यायमंडळाचा निर्णय दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही. क्लॅरेन्स पैस यांनी याच प्रश्नावर केलेली याचिकाही त्या न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. उलट बाजूही तितकीच खरी आहे. न्यायालयाने घटस्फोट दिला, तरी ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहबंधन कायम राहते आणि न्यायमंडळाच्या निर्णयावाचून मंदिरात दुसरा विवाह होऊ शकत नाही. दोन्ही दारे निराळी आहेत. ज्यास दोन्हीकडील निर्णयाची गरज आहे, त्याने दोन्हीकडे अर्ज करावा. (गोव्याचा विवाहविषयक कायदा वेगळा असल्याने हे विवेचन तेथील वाचकांना जसेच्या तसे लागू पडणार नाही.)

मग न्यायालयाची पायरी चढणे हे पाप आहे काय? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २३८३ मध्ये याचे उत्तर आहे. काही कायदेशीर हक्क, मुलांचे संगोपन अथवा वारसा यांचे रक्षण करण्यासाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन केला जाऊ शकतो. त्यात नैतिक अपराध नाही. मार खाणाऱ्या आणि लेकरांसह घराबाहेर काढलेल्या भगिनीला 'कोर्टात गेलीस, आता तू चर्चची उरली नाहीस' असे म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद अवश्य वाचावा.

ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा

आपल्याला लागू असलेला कायदा १८६९ सालचा आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्यात मोठा अन्याय होता. पत्नीच्या व्यभिचाराचे एकच कारण पतीला पुरेसे असे. पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता अथवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. केवळ क्रूरतेच्या कारणास्तव तिची सुटका नव्हती. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात या तरतुदींवर प्रहार केला. अखेरीस २००१ साली संसदेने कायदा बदलला. क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली, जिल्हा न्यायालयाच्या निर्णयाला उच्च न्यायालयाची मान्यता घेण्याची अट गेली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम १०-अ आले. या कलमाच्या मूळ शब्दांनुसार अर्ज करण्यापूर्वी दोन वर्षे विभक्त राहणे आवश्यक आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ही मुदत एक वर्षावर आणली. आपल्या प्रकरणात कोणती मुदत धरावी, हे वकिलांकडून आधीच समजून घ्यावे.

कॅथोलिक कुटुंबांसाठी याच कायद्यातील कलम २२ विशेष महत्त्वाचे आहे. त्यात 'न्यायालयीन विभक्तता' मागता येते. व्यभिचार, क्रूरता अथवा दोन वर्षांचा परित्याग ही तिची कारणे होत. या हुकूमनाम्याने विवाह मोडत नाही. पती-पत्नीने एकत्र राहण्याचे बंधन तेवढे थांबते. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेतही (कलमे ११५१ ते ११५५) गंभीर कारणास्तव विभक्त राहण्याची मुभा आहे आणि तशा वेळी मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद केलीच पाहिजे, असे तीत बजावले आहे.

मूल कोणाचे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मुलाचा ताबा मिळविण्यासाठी घटस्फोट मागावाच लागतो, असे नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करता येतो आणि मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयात तो करावयाचा असतो. आई लेकरासह हिवरे बाजारसारख्या गावी माहेरी कायमची राहत असेल आणि पती मुंबईत नोकरीस असेल, तरी मुलाविषयीचा अर्ज अहिल्यानगर येथे करता येतो. वैवाहिक दावा चालू असेल, तर त्याच दाव्यात कलमे ४१ ते ४४ नुसार मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांविषयी आदेश मागता येतात. घरात हिंसाचार असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात.

न्यायालय पाहते ते मुलाचे हित. त्याचे वय, धर्म, पालकाचे चारित्र्य व कुवत आणि मुलाशी असलेले नाते यांचा विचार होतो. मूल जाणत्या वयाचे असेल, तर त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. एका ख्रिस्ती दांपत्याच्या रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ठामपणे सांगितले, की मुले ही आईबापांच्या मालकीची वस्तू नाहीत आणि त्यांची खेळणीही नाहीत. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर तोही बदलता येतो, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. 'बाप कमावतो, म्हणून मूल त्याचे' किंवा 'आईने घर सोडले, म्हणून तिचा हक्क गेला' ही गावातील वाक्ये न्यायालयात टिकत नाहीत.

ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला सामान्यतः भेटीचा हक्क मिळतो. पोटगीचे पैसे थकले म्हणून मुलाची भेट अडविणे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबविणे, हे दोन्ही चुकीचे. पोटगी हा मुलाच्या भाकरीचा प्रश्न आहे. वैवाहिक दावा चालू असताना पत्नीच्या आणि मुलांच्या अंतरिम खर्चाचा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या दुरुस्त्या सांगतात. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही पोटगी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात २०२० साली असे ठरविले, की दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी.

वकील, समुपदेशक आणि आपण

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायाधीशांवर प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे. तेथे समुपदेशक असतात आणि वकील हा हक्क म्हणून उभा राहू शकत नाही. न्यायालयाची अनुमती लागते. जेथे असे न्यायालय नाही, तेथे जिल्हा न्यायालयात काम चालते. पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करावा.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कॅथोलिक वकिलांपुढे वेगळा प्रश्न असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी २००२ मध्ये रोममधील रोटा न्यायालयापुढे केलेल्या भाषणात वकिलांना सांगितले, की विवाहबंधन मोडण्याच्या हेतूसाठी आपला व्यवसाय वापरू देऊ नये. मात्र कायद्यातून मिळणारे इतर न्याय्य परिणाम साधण्यासाठी ते साहाय्य करू शकतात. मुलाचा ताबा, पोटगी, मारहाणीपासून संरक्षण ही अशीच न्याय्य कामे होत. अशिलाचा सूड मुलाच्या नावाने उगवू न देणे, खोटे आरोप अर्जात न घालणे आणि समेटाची वाट उघडी ठेवणे, हे वकिलाच्या हाती पुष्कळ अंशी असते.

शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रियांची कथा आपण सर्व जाणतो. लेकराचे तुकडे होऊ नयेत म्हणून जी आपला दावा सोडावयास तयार झाली, तिलाच राजाने आई म्हणून ओळखले. आजच्या न्यायालयात तलवार उपसली जात नाही. पण शाळेच्या फाटकावर मुलाची ओढाताण होते आणि एका पालकाविरुद्ध त्याच्या मनात विष कालवले जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतीत्सिया' या पत्रात विभक्त आईवडिलांना कळकळीने विनविले आहे, की मुलाला ओलीस धरू नका.

धर्मग्रामातील प्रत्येकाला काहीतरी करता येईल. शेजाऱ्यांनी भांडणास फुंकर घालू नये. आजी-आजोबांनी नातवासमोर सुनेविषयी अथवा जावयाविषयी वाईट बोलू नये. अशा घरातील मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराच्या वर्गात कोणी वेगळे वागवू नये. आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे, त्यांनी सोडचिठ्ठीवर सही करण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंना आणि विधी सेवा प्राधिकरणातील वकिलांना तो कागद दाखवावा. सही केल्यानंतर ती निस्तरण्यात वर्षे जातात आणि तेवढ्यात मूल मोठे होऊन जाते.

परमेश्वर आपल्या सर्व कुटुंबांचे रक्षण करो.