विश्लेषण : निलगिरी तेलाने नाक खरेच मोकळे होते का?

पाऊस सुरू झाला की घराघरांत सर्दी-पडसे सुरू होते आणि औषधांच्या डब्यातली निलगिरी तेलाची छोटी बाटली बाहेर निघते. रुमालावर दोन थेंब, वाफेच्या पातेल्यात चार, उरलेले छातीला चोळायला. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तीच बाटली. यातला ‘सगळ्यांना’ हा भाग मात्र धोक्याचा आहे.

नाव निलगिरी, गाव ऑस्ट्रेलिया

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी १८४३ मध्ये ते तमिळनाडूतील निलगिरी डोंगरात लावले, तेही जळणाच्या लाकडासाठी. तिथून तेल आले म्हणून मराठीत डोंगराचे नावच झाडाला चिकटले. ऑस्ट्रेलियात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने १८५० च्या दशकात मेलबर्नजवळ पाल्यापासून तेल काढण्याचा धंदा सुरू केला. पद्धत आजही तीच आहे. पाला भट्टीत भरायचा, त्यातून वाफ सोडायची आणि थंड झालेल्या पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे करायचे. १०० किलो पाल्यातून जेमतेम एक-दोन किलो तेल मिळते.

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी निलगिरी बहुतेक वेळा लाकडासाठी लावलेल्या जातीची असते. औषधी तेल प्रामुख्याने ‘युकॅलिप्टस ग्लोब्युलस’ या जातीपासून मिळते.

नाक मोकळे होते म्हणजे काय?

या तेलातला मुख्य घटक १,८-सिनिओल. औषधी प्रतीच्या तेलात तो साधारण ७० टक्क्यांहून अधिक असतो. नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो आणि मेंदूला वाटते, हवा जास्त येते आहे. पण संशोधकांनी नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजला, तेव्हा निलगिरीच्या वासाने त्यात फरक पडलेला दिसला नाही. सूज तेवढीच, आराम मात्र जाणवतो. रात्री झोप लागण्यापुरता तोही काही कमी नाही! जर्मनीत सायनसच्या त्रासावर मोजक्या मात्रेतल्या सिनिओलच्या कॅप्सूल मिळतात. पण ते तयार औषध आहे, बाटलीतले तेल चमच्याने घेणे नव्हे.

इतर उपयोग कमी माहीत आहेत. नव्या डब्यावरच्या लेबलचा चिकट थर या तेलाने पुसला जातो. रूट कॅनॉल पुन्हा करायची वेळ आली, तर दातात भरलेले जुने गट्टापर्चा मऊ करायला दंतवैद्यही ते वापरतात. डासांसाठी मात्र लिंबासारख्या वासाची निलगिरी उपयोगी, तिची जातही वेगळी आणि तेलाचे रसायनही. तिच्यापासून बनवलेला ‘पीएमडी’ हा घटक डास पळवणाऱ्या क्रीममध्ये असतो.

धोका कुठे आहे?

गिळण्यात. लहान मुलाच्या पोटात पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचाभर तेल गेले, तरी गंभीर विषबाधा होऊ शकते. कधी त्याहून कमी मात्राही पुरते. अर्ध्या तासातच मूल पेंगते, ओकते, त्याला झटके येऊ शकतात. बाटली खोकल्याच्या औषधासारखीच दिसते. रात्री घाईत चुकीची बाटली उचलली जाते, ती अशी.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्यावर हे तेल लावूच नये, श्वासनलिकेचे तोंड आकसू शकते. फिट येणाऱ्या मोठ्यांनीही जपावे. कापूर आणि निलगिरी असलेल्या तेलांचा व बामांचा वापर केल्यानंतर झटके आल्याची प्रकरणे बंगळुरूतील मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. दमा असेल तर उग्र वासाने खोकल्याची उबळ वाढू शकते.

शिवाय हे तेल पेट घेते, त्यामुळे गॅस चालू ठेवून उकळत्या पातेल्यात ते टाकू नये. आणि लहान मुलांना वाफ देताना खरी भीती तेलाइतकीच त्या पातेल्याची असते. चादरीखाली मूल हलले की उकळते पाणी मांडीवर.

तेल पोटात गेले तर

घरचे लोक पहिल्यांदा घशात बोट घालून उलटी काढायला जातात. तसे करू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनियासारखी स्थिती होते. मीठ-पाणीही पाजू नये. मूल ठणठणीत दिसत असले, तरी लगेच रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. अनेक बाम व तेलांत निलगिरीबरोबर कापूर आणि मेंथॉलही असते. डॉक्टरांना पोटात नेमके काय आणि किती गेले हे बाटलीवरूनच कळते.